मापाने बनवले म्हणून विकलेल्या, पण मापाच्या नसलेल्या इनसोलबाबत तक्रार पत्र

वडगाव, बेळगाव
दि. २८ नोव्हेंबर २०२४

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
इनसोल उत्पादक व विक्रेती कंपनी

विषय : तळव्यावरील दाब कमी करण्यासाठी मापानुसार बनवून दिलेल्या इनसोलच्या जोडीतील दोष, त्यामुळे पायाला झालेली इजा आणि रक्कम परत करण्यास आपण दिलेला नकार.

महोदय / महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून मी गणेश चतुर्थीच्या आधी बुटात घालावयाच्या इनसोलची एक जोडी मागवली होती. तिची पूर्ण किंमत ५,८०० रुपये मी आगाऊ भरली असून बिलाची प्रत सोबत जोडली आहे. जोडी दसऱ्याच्या सुमारास मिळाली. ती सदोष असल्याचे मी ऑक्टोबर महिन्यातच ईमेलने छायाचित्रांसह कळवले. त्यावर आपल्याकडून जे उत्तर आले ते असे, की ही वस्तू ग्राहकाच्या मापानुसार खास बनवलेली असल्यामुळे आणि ती वापरली गेली असल्यामुळे परत घेता येत नाही. माझी तक्रार नेमकी हीच आहे, की ती माझ्या मापानुसार बनवलेलीच नाही. जे काम झालेच नाही त्याच्याच आधारे आपण परतावा नाकारत आहात, म्हणून हे सविस्तर पत्र लिहावे लागत आहे.

वडगावात माझा लहानसा यंत्रमाग कारखाना आहे. साड्यांचे काम आहे. दोन मागांमधल्या बोळातून दिवसभर फिरणे, तुटलेला धागा जोडणे, कांडी बदलणे हे सगळे उभ्यानेच होते आणि खाली शहाबादी फरशी आहे. मला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. उजव्या पायाच्या चवड्यावर, अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी, मागे एकदा जखम होऊन ती भरून आली आहे आणि त्या जागी आता घट्टा आहे. डॉक्टरांनी तळव्याची तपासणी केली तेव्हा १० ग्रॅम दाब देणारा नायलॉनचा तंतू त्या भागावर टेकवला. आयुष्यभर धाग्यात वावरलेल्या मला तो तंतू टेकला की नाही हे सांगता आले नाही. अशा पायाला दुखणे कळत नाही, त्यामुळे दाब कमी करणारे साधन बुटात हवे, असे डॉक्टरांनी सांगितले आणि म्हणूनच मी आपल्या उत्पादनाकडे वळलो. आपल्या जाहिरातीत ‘मधुमेही पायांसाठी’ असे ठळक लिहिलेले आहे, हेही येथे नमूद करतो.

आपण पाठवलेल्या फोमच्या डब्यात मी दोन्ही पायांचे ठसे आपल्या सूचनेप्रमाणे घेतले, प्रत्येक ठशाशेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्रे काढली, ती आपल्याला पाठवली आणि डबा कुरिअरने परत रवाना केला. काही दिवसांनी आपल्या प्रतिनिधीचा फोन आला. पिनकोड पाहून त्यांनी कन्नडमधून बोलायला सुरुवात केली. त्याला माझी हरकत नाही, सीमाभागातल्या माणसाला दोन्ही भाषा चालतात. मला खटकले ते त्यांनी विचारलेले. त्यांना फक्त बुटाचा नंबर हवा होता. ठसे आणि छायाचित्रे हाती असताना नंबर कशाला, असे मी विचारले, तेव्हा ‘फॉर्ममध्ये भरावा लागतो’ एवढेच उत्तर मिळाले. मी आठ नंबर सांगितला.

आलेल्या जोडीच्या खालच्या बाजूला छापलेला आकडाही आठच आहे. वरचा थर मऊ निळ्या फोमचा आहे, खालचा थर लहान लहान षटकोनी तुकड्यांचा, आणि जेथे दाब कमी करायचा तेथले तुकडे काढून पोकळी ठेवायची अशी त्याची रचना. उजव्या इनसोलमध्ये चवड्याच्या भागात चार तुकडे काढलेले होते. कल्पना चांगली आहे, याबद्दल माझे दुमत नाही. पोकळी जर घट्ट्याच्या बरोबर खाली आली, तर त्या जागेवरचा भार आजूबाजूच्या तळव्यावर विभागला जातो. पण ती थोडी जरी सरकली, तर घट्टा पोकळीच्या काठावर येतो आणि इनसोल नसताना जेवढा दाब येत होता त्याहून अधिक दाब त्या एका कडेवर एकवटतो. आमच्या धंद्यात मागाच्या फणीत धागा ओवताना एक घर चुकले, की त्याची रेघ कापडभर चालत राहते. येथेही अंतर तेवढेच बारीक होते आणि त्याचा परिणाम माझ्या पायावर उमटला.

इनसोल आपल्या माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे बुटातला मूळ सोल काढून बसवला आणि पहिल्या दिवशी थोडा वेळ, मग हळूहळू वेळ वाढवत वापरला. पाय दुखला नाही, कारण तो दुखणारच नव्हता. रात्री बूट काढल्यावर घट्ट्याच्या मागच्या अंगाला अर्धचंद्राच्या आकाराचा लाल वळ माझ्या पत्नीला दिसला. बूट काढून पुष्कळ वेळ झाला तरी तो ओसरला नव्हता. पुढे त्याच वळावर पाण्याचा फोड आला. डॉक्टरांनी तत्काळ इनसोल बंद करायला लावला, ड्रेसिंग केले आणि जखम पूर्ण बरी होईपर्यंत एमसीआरची चप्पल वापरायला सांगितले. सूक्ष्म छिद्रे असलेल्या मऊ रबराची ही चप्पल आपल्या देशात कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी कित्येक दशके वापरली जात आहे आणि तिची किंमत आपल्या इनसोलच्या आसपासही जात नाही.

दोष कोठे आहे हे मला शहरातल्या एका जुन्या चप्पल कारागिरांनी दाखवून दिले. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जे भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे कर्नाटकातील चार जिल्हेही आहेत. सांगायचे एवढेच, की पायाचे माप म्हणजे काय हे या भागातल्या कारागिरांना शिकवावे लागत नाही. त्यांनी फोड येण्याआधीच्या खुणेवरून घट्ट्याची जागा समजून घेतली, बऱ्या असलेल्या डाव्या पायाची हाडे चाचपून ती ताडून पाहिली आणि माझ्या पूर्वीच्या बुटातला जुना सोल मागवला, ज्यावर घट्ट्याने पाडलेला काळपट खड्डा स्पष्ट आहे. त्या खड्ड्याच्या मध्यावर ओले कुंकू लावून त्यांनी जुना सोल आणि आपला इनसोल टाचेला टाच लावून एकमेकांवर दाबले. कुंकवाचा ठिपका पोकळीत पडायला हवा होता. तो पोकळीच्या पुढे, न काढलेल्या तुकड्यांवर उमटला. त्यांनी रापीचे, म्हणजे चामडे कापायच्या हत्याराचे, टोक त्या काठावर टेकवून दाखवले, तर काठ उतरता तासलेलाही नव्हता, सरळ उभा कापलेला होता. तासलेला काठ असता तर चूक असूनही इजा कदाचित कमी झाली असती, असे त्यांचे म्हणणे पडले.

कुंकवाचा पुरावा आपल्याला मान्य होणार नाही असे गृहीत धरून मोजपट्टीचाही देतो. मी आपल्याला पाठवलेल्या छायाचित्रात उजव्या पायाच्या टाचेच्या मागच्या कडेपासून घट्ट्याच्या ठशाच्या मध्यापर्यंतचे अंतर १८ सेंटिमीटर आहे. आपण बनवलेल्या इनसोलमध्ये टाचेपासून पोकळीच्या मध्यापर्यंत ते १६.६ सेंटिमीटर भरते. म्हणजे पोकळी १.४ सेंटिमीटर मागे आहे. छायाचित्र आपल्या नोंदीत आहे आणि इनसोल माझ्याजवळ आहे, कोणीही मोजून पाहावे. माझा तर्क असा, की आठ नंबरच्या ठरावीक साच्यातून कापलेल्या तयार जोडीत ठरावीक जागचे तुकडे काढून ती मला पाठवण्यात आली आणि ठशाचा डबा उघडूनही पाहिला गेला नाही. हा तर्क चुकीचा असेल तर आपण माझ्या ठशावरून काढलेल्या मापांची नोंद मला पाठवावी. ती मी ईमेलमध्येही मागितली होती आणि अद्याप मिळालेली नाही.

आपल्या उत्तरात म्हटले आहे, की फोमचा ठसा प्रवासात दबला असण्याची शक्यता आहे. तसे झाले असेल तर ते डबा उघडताक्षणीच दिसायला हवे होते, छायाचित्रांशी ताडून पाहता आले असते आणि नवा डबा मागवता आला असता. दबलेल्या ठशावरून इनसोल बनवून पाठवणे आणि नंतर दोष ठशाला देणे हे न पटणारे आहे.

त्याच उत्तरात ‘पुढचे दोन तुकडे आपणच काढून पाहा’ असाही सल्ला आहे. हा सल्ला मी पाळला नाही, आणि इतर कोणा मधुमेही ग्राहकाला आपण तो देऊ नये अशी विनंती आहे. पोकळी नुसती मोठी केली की तिचा काठ नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या हाडाखाली जातो. शिवाय एकदा उखडलेला तुकडा त्या चिकट थरावर पूर्ववत बसत नाही, हे कारागिरांनी कोपऱ्यातला एक तुकडा किंचित उचलताच लक्षात आले.

आपण पाठवलेल्या रंगीत ‘दाब-नकाशा’विषयीही लिहिणे भाग आहे. त्यात माझ्या चवड्याचा भाग लाल, टाच पिवळी आणि तळव्याची कमान निळी दाखवली आहे. फोममधला ठसा पायाचा आकार आणि खोली सांगतो. चालताना टाच उचलली जाते आणि सगळा भार चवड्यावरून पुढे सरकतो, त्या क्षणी कोठे किती दाब येतो हे फोम सांगू शकत नाही. त्यासाठी बुटाच्या आत सेन्सर असलेली पातळ पट्टी घालून चालवून पाहावे लागते. मधुमेही पायांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या मार्गदर्शक सूचनांत, ज्यांना तळव्याची जखम होऊन गेली आहे त्यांच्यासाठी बुटातला कमाल दाब २०० किलोपास्कलच्या आत ठेवण्याचे उद्दिष्ट दिलेले आहे. आपल्या नकाशावर किलोपास्कल तर नाहीच, कोणतेही एकक नाही. एकक नसलेले रंग छापून त्याला मोजमाप म्हणणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे.

याहून गंभीर बाब माहितीपत्रकाची आहे. त्यात लिहिले आहे, की ‘इनसोल वापरताना दुखल्यास वापर थांबवा’. ज्याच्या तळव्याला संवेदना नाही त्याच्यासाठी हे वाक्य निरुपयोगी आणि धोकादायक आहे. ज्यांना दुखणे कळते अशा ग्राहकाला ते पुरेसे असेल, पण आपण जाहिरात मधुमेह्यांसाठी करता. बूट काढल्यावर तळवा उजेडात किंवा आरशात पाहणे, लाली टिकून राहिली तर इनसोल काढून ठेवणे, स्वतःला दिसत नसेल तर घरच्या माणसाकडून पाहून घेणे, या गोष्टी पत्रकात पहिल्या ओळीत हव्या होत्या. माझ्या पत्नीने वेळेवर पाहिले म्हणून फोडावर निभावले.

आता परताव्याविषयी. इनसोल वापरला गेला हे खरे आहे, पण तो पायाखाली न घेता तपासण्याचा मार्ग आपण कोठेही सांगितलेला नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष वस्तू बिलात नमूद मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत परत घेऊन पैसे परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा मानली आहे. आपल्या बिलावर कोणतीही मुदत छापलेली नाही आणि माझी तक्रार वस्तू मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आतली आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे आपण तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावयाची होती आणि महिन्याभरात तिचे निवारण करावयाचे होते. पोच वेळेवर आली, हे मान्य करतो. निवारण मात्र झाले नाही, आणि महिना उलटून गेला आहे.

माझी मागणी अशी, की इनसोलची पूर्ण किंमत, फोमचा डबा पाठवण्याचा कुरिअर खर्च आणि डॉक्टरांकडील तपासणी व ड्रेसिंगचा खर्च, ज्याच्या पावत्या सोबत आहेत, हे सर्व मला परत मिळावे. बदली जोडी बनवून देण्याची तयारी आपल्या प्रतिनिधीने फोनवर दर्शवली होती, ती मला नको आहे, कारण जी पद्धत पहिल्या जोडीला लावली तीच दुसरीला लागणार. सध्याची जोडी परत नेण्याची व्यवस्था आपण आपल्या खर्चाने करावी, मात्र त्याआधी तिची मोजमापासह छायाचित्रे मी माझ्याकडे ठेवत आहे. माहितीपत्रकातील वर उल्लेखलेले वाक्य बदलल्याचेही लेखी कळवावे. ही मागणी पैशांच्या मागणीइतकीच मी महत्त्वाची मानतो.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून मी बेळगाव येथील जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार दाखल करीन. ग्राहक जेथे राहतो तेथील आयोगात तक्रार करण्याची सोय कायद्यातच आहे, तेव्हा आपले कार्यालय दुसऱ्या राज्यात असल्याचा मुद्दा पुढे येऊ नये. उत्तर मराठीत, कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत दिले तरी चालेल, पण त्यात उजव्या इनसोलमधील पोकळीचे टाचेपासूनचे अंतर आणि माझ्या ठशातील अंतर हे दोन आकडे शेजारीशेजारी असावेत.

आपला विश्वासू,
(सही)
ग्राहक, वडगाव, बेळगाव

सोबत : बिलाची प्रत, ठशांची व इनसोलची मोजपट्टीसह छायाचित्रे, आपल्या ईमेल उत्तराची प्रत, डॉक्टरांच्या चिठ्ठीची व पावत्यांची झेरॉक्स.