बाबांचं ‘बघू उद्या’

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, “यांना काय धाड भरलीय कोण जाणे, कलमांकडे फिरकत नाहीत.” मागून बाबांचं “बघू उद्या” ऐकू आलं. हा ‘उद्या’ श्रावणापासून चाललाय. चिकनगुनियाचा ताप उतरला, पण गुडघे-मनगटं अजून सुजलेलीच. त्या सुजेचा पसारा गुडघ्याच्या बराच वरपर्यंत जातो, म्हणून हे लिहितेय.

शरीरात दाह, म्हणजे अशी आतली सूज, असली की रोगप्रतिकारक पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात. त्यांची खबर रक्तातून आणि व्हेगस नर्व्हमधून, म्हणजे पोटा-छातीतून मेंदूकडे जाणाऱ्या नसेतून, मेंदूला लागते. मग ज्याच्यामुळे एखाद्या कामासाठी कष्ट घ्यावेसे वाटतात, ते डोपामिन नावाचं मेंदूतलं रसायन कमी पडतं. आवड असते तिथेच असते. उठणं तेवढं जड होतं. बाबा, तुम्ही मोहराची चौकशी करता, बेणणी झाली का विचारता, पण झोपाळ्यावरून हलत नाही, ते यामुळे असू शकतं.

बेंजामिन हार्ट नावाच्या पशुवैद्यांनी १९८८ मध्ये मांडलं होतं की आजारी जनावराचं न खाणं, निपचित पडणं ही ताप पेलण्यासाठी शक्ती राखायची शरीराचीच सोय असते. आपली कपिला तापात गव्हाणीकडे ढुंकून बघायची नाही, तिला कुणी आळशी म्हटलं का? (आई, हे तुला.) पंचाईत होते ती दाह महिनोन् महिने रेंगाळला की. पूर्वी हिपॅटायटिस सी वर इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत, तेही सायटोकाइनच. ती घेताना चांगली हसतीखेळती माणसं मलूल व्हायची, कित्येकांना नैराश्य यायचं.

तरी सगळं सुजेच्या माथी मारू नका. २०१३ मध्ये अमेरिकेत औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या ६० रुग्णांवर दाह कमी करणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅबचा प्रयोग झाला. सरसकट फायदा दिसलाच नाही. ज्यांच्या रक्तात आधीपासून सीआरपी (दाह असला की वाढणारं प्रथिन) जास्त होतं, त्यांच्यात सुधारणा दिसली. म्हणून चिपळूणला डॉक्टरांना दाखवा, आणि सीआरपीबरोबर साखर, थायरॉईड, बी-१२ बघायचं का तेही विचारा. हिरड्यांतून रक्त येतं ते दाताच्या डॉक्टरांनाही दाखवा; हिरड्यांचा जुनाट दाहही अंगात भिनतो. आणि शेजारच्यांनी दिलेल्या दुखण्याच्या गोळ्या बंद. तुमच्या बीपीला आणि किडनीला त्या बऱ्या नाहीत.

मन झालं की जाईन, असं म्हणत बसू नका बाबा, ते मन आत्ता आपणहून व्हायचं नाही. डॉक्टर हो म्हणाले की सकाळी फक्त विहिरीपर्यंत जाऊन या. आई, तू सोबत जा, पण वाटेत कलमांचा विषय काढू नकोस. फवारणीचं मी गड्याशी बोललेय, पैसे पाठवलेत.

शनिवारी रात्रीच्या गाडीने येतेय. जुने रिपोर्ट कपाटातल्या निळ्या पिशवीत आहेत, ते काढून ठेवा.

तुमची,
लेक