अहवालाची क्वेरी मार्गी लावणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

लासलगाव-पिंपळगावच्या कांदा लिलावांचं आमचं पोस्टग्रेस डेटाबेसमधलं टेबल ६ जीबीच्या पुढे गेलंय, आणि त्यावरची अहवालाची क्वेरी रखडत होती. तुम्ही कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी ‘एक्सप्लेन ॲनालाइझ’ (क्वेरी प्रत्यक्षात कशी चालली त्याचा आराखडा) काढायला लावलंत, पहिले आभार त्याचे. ‘वर्कर्स प्लॅन्ड ४’ आणि खाली ‘वर्कर्स लाँच्ड १’, म्हणजे एका क्वेरीचं काम वाटून घेणाऱ्या मदतनीस प्रोसेस ठरल्या चार, आली एकच. हा फरक दिसला नसता तर सगळे पर-गॅदरचाच (क्वेरीतल्या एका वाटणीला जास्तीत जास्त किती वर्कर, त्याचा) आकडा वाढवत बसले असते. वर्कर येतात सामाईक साठ्यातून. मॅक्स वर्कर प्रोसेसेस मुळात ८, मॅक्स पॅरलल वर्कर्सही ८. बाकीच्या क्वेऱ्यांनी ते आधीच अडवलेले.

१६ कोअरच्या सर्व्हरवर तुम्ही पहिला आकडा १६ केलात (याला रीस्टार्ट लागतोच, बाकीच्यांना रीलोड पुरतो) आणि दुसरा १२. त्याहून मोलाचं म्हणजे मर्यादा भूमिकेनुसार वाटलीत: ‘ऑल्टर रोल’ने अहवालाच्या लॉगिनला पर-गॅदर ४, वेब ॲपच्या लॉगिनला ०. भाव बघणाऱ्याच्या बारक्या क्वेरीला वर्कर हवेतच कशाला? टेबल ८ एमबीचं झालं की १ वर्कर, २४ ला २, ७२ ला ३, असा तिपटीचा हिशेब असतो. आपल्या टेबलाला त्या हिशेबाने ७ मिळतील, पण पर-गॅदरची मर्यादा शेवटी वरचढ ठरते.

वर्क मेमचा (सॉर्ट, हॅश अशा एकेका कामाला मिळणाऱ्या मेमरीचा) इशारा वेळेवर दिलात. ६४ एमबी ठेवली तर ४ वर्कर आणि लीडर (क्वेरीची मूळ प्रोसेस) धरून एका सॉर्टलाच ३२० एमबीपर्यंत जाऊ शकतात. हॅशचा गुणक १५ व्या आवृत्तीपासून २ आहे, म्हणजे तिथे दुप्पट. पॅरलल सेटअप कॉस्ट (वर्कर उठवण्याचा धरलेला खर्च) १००० वरून ० करायचा मोह तुम्ही मोडून काढलात तेही बरं झालं. नाहीतर चिल्लर क्वेऱ्याही वर्कर उठवत बसल्या असत्या.

खरी गोम निघाली क्विंटल-किलोच्या फंक्शनमध्ये. आपण लिहिलेलं फंक्शन काही न सांगता ‘पॅरलल अनसेफ’ (वर्करांत वाटायला असुरक्षित) धरलं जातं, आणि असं एक जरी क्वेरीत आलं तरी सगळा प्लॅन एकेरी. पीजी-प्रोक या फंक्शनांच्या यादीतल्या प्रोपॅरलल रकान्यात ‘यू’ (अनसेफ) शोधायची तुमची युक्ती आता टिपणात आहे. फंक्शन टेबलात लिहीत असेल किंवा सीक्वेन्सला (क्रमांक देणाऱ्या मोजणीला) हात लावत असेल, तर त्याला ‘सेफ’ म्हणायचं नाही, हेही त्याखालीच लिहिलंय.

रात्रीचा गोषवारा ‘इन्सर्ट सिलेक्ट’ने भरत होता, तिथे वर्कर मिळतच नाहीत. आता ‘क्रिएट टेबल ॲज’ने तात्पुरतं टेबल बनवून त्यातून भरतो. चाचणीच्या डॉकर कंटेनरमध्ये शेअर्ड मेमरीची (प्रोसेसनी मिळून वापरायच्या मेमरीची) जी तक्रार येते, ती मुळातल्या ६४ एमबीच्या मर्यादेमुळेच. ती मर्यादा, म्हणजे एसएचएम-साइज, १ जीबी केलीय.

वार्षिक अहवालाची फंक्शनं तपासायची बाकी आहेत. प्लॅन पाठवतो, सवडीने नजर टाका.

आपली,
नाशिकची डेटाबेस मंडळी