इंजिनाला रंग नंतर, आधी राख काढा

संपादक महोदय,

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की नागपुरातले आजोबा नातवंडांना चौकातलं नाहीतर बागेतलं वाफेचं इंजिन दाखवायला नेतात. सायडिंगवरचं शंटिंग, पहाटेची शिटी, रुळांकाठी वेचलेला कोळसा असं सगळं त्यांना आठवतं. त्याच सुमारास इंजिनाची रंगरंगोटीही निघते. अंगाला काळा रंग, चाकांच्या कडांना पांढरे पट्टे, दांड्यांना चंदेरी मुलामा. आतली राख मात्र तशीच राहते, आणि इंजिन मरतं ते त्या राखेने.

धुराड्याखालच्या कप्प्याचं, म्हणजे स्मोकबॉक्सचं, गोल दार उघडून बघा. तळाला राख आणि काजळीचा थर सापडेल. आपल्या भागातल्या कोळशात राख भरपूर, शिवाय गंधक असतोच. इंजिन रोज तापत होतं तोवर हा थर कोरडा राहायचा. आता धुराड्यातून पावसाचं पाणी पडतं, राख भिजते, सौम्य आम्ल तयार होतं आणि तळाचा पत्रा आतून खाल्ला जातो. हातोडीने हळूच ठोकून पाहा. शाबूत पत्रा खणखणतो, खाल्लेला बद्द वाजतो. त्याच्यावर दहा हात रंग मारला तरी आवाज काही बदलत नाही.

म्हणून नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागण्याआधी स्मोकबॉक्स, फायरबॉक्स (कोळसा जळतो ती भट्टी) आणि अ‍ॅशपॅन (तिच्याखालची राखेची पेटी) यांतली राख पूर्ण काढावी, नळ्यांतून तारेचा ब्रश फिरवावा. मग बॉयलरचे खालचे वॉशआउट प्लग, म्हणजे आतून धुण्यासाठीच्या भोकांची बुचं, काढून टाकावेत. साचलेलं पाणी वाहून जाईल, आत हवा खेळेल. पंचेचाळीस अंशांचं ऊन फुकट मिळतंय, तर बॉयलर त्यातच सुकवून घ्यावा. प्लग परत घट्ट बसवायची घाई नको. त्या भोकांना जाळी लावली की पुरे. धुराड्यावर पत्र्याची टोपी हवी, पण थोडी वर उचललेली. गच्च बंद केली तर आत घाम धरतो.

पाण्याच्या टाकीकडे तर कुणाचंच लक्ष जात नाही. शंटिंगच्या, म्हणजे डबे इकडून तिकडे लावायच्या, छोट्या इंजिनांत ती बॉयलरच्या पाठीवर खोगिरासारखी किंवा दोन्ही बाजूंना असते. तिचं झाकण हरवलेलं आणि तळाची तोटी गंजून बंद. कूलरमधलं पाणी उपसा म्हणून घरोघरी सांगत फिरायचं आणि इथे डासांचा हौद भरलेला ठेवायचा, असा प्रकार चालतो.

बॉयलरवरच्या पत्र्याच्या आवरणाखाली जुन्या इंजिनांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ते खरवडायचं नाही, कोरडं झाडायचं तर मुळीच नाही. ते काम जाणकारांनाच द्यावं. ओलं करून, बंद पिशव्यांत भरूनच ते काढतात.

आता दांड्या. चाकांना एकमेकांशी जोडणारे कपलिंग रॉड आणि सिलिंडरचा जोर चाकांना देणारे कनेक्टिंग रॉड रंगवायचे नसतात. रॉकेलने पुसून ग्रीसचा पातळ हात द्यायचा. रंग तेलाच्या भोकांत जाऊन बसतो आणि त्याहून वाईट म्हणजे ठोकलेले आकडे बुजवतो. पितळी पाटी चोरीला गेलेल्या इंजिनाची ओळख बहुधा या आकड्यांतच शिल्लक असते. रॉडच्या टोकाशी किंवा अ‍ॅक्सलच्या तोंडावर ते शोधावेत. दोन रॉडांवर वेगळे आकडे निघाले तर दचकू नका, दुरुस्तीत सुटे भाग एका इंजिनाचे दुसऱ्याला लागतच. कारखाना स्टॅफर्डचा बॅगनॉल की किल्मार्नॉकचा अँड्र्यू बार्कले, हे आकडा हाती आल्यावर कारखान्याच्या यादीशी ताडून पाहता येतं.

फलकावर ओळख लिहितानाही गल्लत होते. छोटं इंजिन दिसलं की ‘कोळसा खाणीचं’ असं लिहून मोकळे होतात. नागपूरजवळच्या, कोळसा खाणीच्या उमरेडचंच बघा. नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झालेली इतवारी-नागभीड गाडी नॅरोगेजची, प्रवाशांची. उमरेडचा कोळसा मात्र ब्रॉडगेजने बुटीबोरीकडे जातो. खाणीतले दोरखंडाने ओढायचे टब हा आणखी तिसराच प्रकार. फलक लिहिण्याआधी दोन रुळांतलं अंतर टेपने मोजावं. ७६२ मिलिमीटर भरलं तर नॅरोगेज, १६७६ भरलं तर ब्रॉडगेज.

चाकं काँक्रीटमध्ये गाडू नयेत. कडेच्या खाचेत पाणी साचून चाक आणि रूळ दोन्ही गंजतात. खाली खडीच हवी. सिलिंडरचे ड्रेन कॉक (पाणी सोडायच्या तोट्या) उघडे ठेवून आत तेल सोडावं आणि दर तीन महिन्यांनी पिंच बारने (चाकाखाली घालून रेटायच्या लोखंडी पहारीने) चाक पाव फेरा फिरवावं, म्हणजे बेअरिंगवरचा भार एकाच जागी राहत नाही. फिरवून झालं की दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावायला विसरू नये.

आणि समारंभाच्या दिवशी धूर दिसावा म्हणून फायरबॉक्समध्ये लाकडं पेटवणं कृपया थांबवा. बॉयलरमध्ये पाणी नसताना लहानसा जाळही फायरबॉक्सचं छत तापवतो आणि ठोकून बसवलेली नळ्यांची टोकं ढिली करतो. एवढीच हौस असेल तर धुराचं यंत्र भाड्याने मिळतं, लग्नाच्या मांडवात असतं तेच.

— काही निवृत्त लोको फिटर व फायरमन, नागपूर