आतल्या खोलीची कडी

प्रिय संदीप,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझ्या पोरीच्या बौद्धिक अपंगत्वाबद्दल बोलून फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, "आमच्यासारखं दुसरं कुणी नाही रे." ते मनातून जात नाही. माझा धाकटा भाऊही तसाच, तुला ठाऊक आहेच. पाहुणे आले की आई त्याला घेऊन आतल्या खोलीत बसायची, कडी लावून. तिला त्याची लाज नव्हती. लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देऊन ती थकली होती. म्हणून आज तुला अशा मुलांच्या पालकांनी अमेरिकेत उभ्या केलेल्या 'द आर्क' या संस्थेबद्दल लिहितो आहे.

१९४८ साली अ‍ॅन ग्रीनबर्ग नावाच्या आईनं 'न्यू यॉर्क पोस्ट'मध्ये एक छोटी जाहिरात दिली. माझ्या मुलासारखी मुलं असलेल्या आया मिळून पाळणाघर काढू या का, एवढीच विचारणा. काही पालकांनी उत्तरं धाडली. त्या काळी तिकडे डॉक्टर सरळ सांगत, मूल मोठ्या सरकारी वसतिगृहात ठेवा आणि विसरा. त्या वेळी आपलं मूल असं आहे हे वर्तमानपत्रात छापायचं! देशात ठिकठिकाणी पालकांचे असे गट उभे राहत होते. १९५० साली ते मिनिआपोलिस शहरात जमले आणि देशव्यापी संघटना झाली, तीच आजची 'द आर्क'.

मला सगळ्यात भिडला तो पेनसिल्व्हेनिया राज्यातला खटला. पहिलीत बसायच्या वेळी मुलाचं 'मानसिक वय' पाच वर्षांचं झालेलं नसेल, तर त्याला शाळा नाकारायची मुभा तिथल्या कायद्यातच होती. म्हणजे ज्याला शिकवायची गरज सर्वांत जास्त, त्यालाच दाराबाहेर! १९७१ साली संस्थेच्या तिथल्या शाखेनं राज्य सरकारला कोर्टात खेचलं. त्यांचे वकील थॉमस गिलहूल यांचा भाऊ स्वतः अशाच सरकारी वसतिगृहात राहिलेला. सरकारला नमतं घ्यावं लागलं, मुलांना शाळा मिळाली. १९७५ साली देशभरासाठी कायदा झाला, तेव्हा संसदेनं नोंदवलं की दहा लाख अपंग मुलं सरकारी शाळांपासून पूर्णपणे वंचित आहेत. दहा लाख, संदीप. आणि त्यातलं प्रत्येक घर आपण एकटेच आहोत असं समजत असणार.

नावाची गोष्टही सांगतो. सुरुवातीला संस्थेच्या नावात 'रिटार्डेड' हा शब्द होता, आपल्या 'मतिमंद'सारखाच. पालकांनीच निवडलेला, त्या काळी डॉक्टरही तोच वापरत. पुढे तो शाळेच्या मैदानात शिवी झाला. १९७३ साली नावातली 'मुलं' जाऊन 'नागरिक' आले, कारण मुलं मोठी झाली होती. १९९२ साली तो शब्दही गेला, उरलं नुसतं 'द आर्क'. ज्यांना तो शब्द चिकटवला जात होता, त्यांनीच तो नको म्हटलं होतं. पालक आपल्या मुलांसाठी लढले, पण मुलांचं म्हणणं ऐकायला त्यांनाही वेळ लागला. हे मला माझ्या भावाच्या बाबतीत फार उशिरा कळलं. त्याला काय हवंय, हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

थेरपीच्या वेळी बाहेरच्या बाकावर रोज दोन आया बसलेल्या असतात म्हणालास ना? उद्या त्यांच्याशी बोल. नंबर घे. रविवारी तिन्ही घरं माझ्याकडे या, पोरीलाही आण. पुढच्याच खोलीत बसू.

तुझाच,
अविनाश