ताई, ती फाइल तुम्ही नेली नाहीत

ताई,

नाव लिहू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांत मानणार आहे.

कोर्टं दिवाळीपुऱ्याला गेली तरी आमचं दस्तलेखनाचं दुकान दांडिया बाजारातच राहिलं. खरेदीखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, सगळं त्या एका कॉम्प्युटरवर. आणि तोच टाइप करता करता मध्येच थिजायचा. चार-पाच सेकंद अक्षर उमटत नसे, मग सगळी एकदम धावत यायची. समोर पक्षकार ताटकळलेला, नोंदणीची वेळ जवळ आलेली. मनस्ताप नुसता.

आधी ज्यांनी पैसे घेतले त्यांच्याबद्दल अजून राग जात नाही. एकाने रॅम वाढवून दिली, फरक शून्य. दुसऱ्याने मशीन सुरूही न करता ‘फॉरमॅट मारावं लागेल’ म्हणून सांगितलं आणि हार्ड डिस्क काढून घरी घेऊन गेला. त्या डिस्कवर लोकांची मृत्युपत्रं होती, ताई. त्यातलं काय कुठे कॉपी केलंस असं मी परत घेताना विचारलं, तर तो नुसता हसला.

तुम्ही झेरॉक्सला आला होतात. मशीन थिजलेलं बघून स्वतःहून म्हणालात, ‘पाहू का जरा?’

टास्क मॅनेजर मी शंभरदा उघडला होता, त्यात काही सापडत नव्हतं. का सापडत नव्हतं हे तुम्हीच पहिल्यांदा समजावून सांगितलंत. तो या घडीला काय चालू आहे तेवढंच दाखवतो. जी प्रोसेस, म्हणजे चालू झालेला प्रोग्राम, उठते आणि डोळ्यांदेखत मरते, ती त्याच्या यादीत टिकतच नाही. त्यासाठी ट्रेस घ्यायचा, म्हणजे मशीन थिजतंय त्या वेळचा पूर्ण हिशेब नोंदवून घ्यायचा. ही सोय विंडोज २००० पासून विंडोजमध्येच आहे म्हणालात. आणि इतके जण येऊन गेले, एकालाही ती ठाऊक नसावी?

मग एक्सपर्फ या ट्रेस वाचणाऱ्या प्रोग्रामने त्या ट्रेसमधल्या प्रोसेसची यादी काढलीत. ती अजून डोळ्यांसमोर आहे. प्रत्येक ओळीत प्रोसेसचं नाव, तिचा नंबर, कुठल्या प्रोसेसने तिला जन्म दिला त्याचा नंबर, सुरू कधी झाली, संपली कधी. ट्रेसच्या आधीपासून चालू असलेल्याही त्यात होत्या. तुम्ही बोट ठेवलंत तिथे एकच नाव खाली खाली पुन्हा येत होतं, दर वेळी नवा नंबर, दर मिनिटाला एकदा, आणि जन्म देणारा तोच टास्क शेड्यूलर, ठरल्या वेळी कामं सुरू करणारा विंडोजचा भाग. आम्ही केव्हाच भंगारात दिलेल्या प्रिंटरचा मदतनीस प्रोग्राम मागे राहिला होता. नसलेला प्रिंटर शोधत उठायचा, मशीन अडवायचा, हात हलवत परत जायचा. शेड्यूलरमधलं ते काम तुम्ही बंद केलंत आणि मशीन सुतासारखं सरळ झालं.

पण हे पत्र त्यासाठी नाही.

त्याच यादीत शेवटी कमांड लाइनचा, म्हणजे प्रोसेस कुठल्या हुकुमाने सुरू झाली त्याचा, रकाना होता. वर्डची ओळ आली तशी त्यात फाइलचा अख्खा पत्ता दिसला, फाइलच्या नावात ‘मृत्युपत्र’ आणि पुढे पक्षकाराचं आडनाव. तुम्ही लगेच माउस सोडलात. खुर्ची मागे सरकवून मला म्हणालात, ‘दादा, इथून पुढे तुम्ही खाली सरकवा. मला फक्त नंबर सांगा.’ आणि तोंड दरवाजाकडे करून बसलात. मी आकडे वाचत गेलो, तुम्ही कागदावर लिहीत गेलात. काम झाल्यावर ट्रेसची फाइलही माझ्याच हातून पुसायला लावलीत, कारण त्यात आमच्या लोकांची नावं आहेत. घरी नेऊन निवांत बघितली असतीत तर तुमचं काम सोपं झालं असतं, हे तुम्हीच बोललात. तरी नेली नाहीत.

मला कुणी विचारलं नसतं, तुम्हालाही नसतं. पक्षकाराला तर कधी कळलंही नसतं. आमच्या धंद्यात वडील पहिली गोष्ट शिकवून गेले ती हीच, की समोरच्याचा कागद वाचायचा तो त्याच्या कामापुरता. हे पाळणारी माणसं दस्तलेखकांतही आता मोजकी राहिलीत. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यात ते असू शकतं यावरचा माझा विश्वास त्या हसणाऱ्या माणसाने उडवला होता, तो तुम्ही परत बसवलात. हुशार माणसं या शहरात पुष्कळ आहेत. हाताशी आलेलं न बघणारी माणसं मला फार कमी भेटली.

पैसे घेतले नाहीत, चहासुद्धा अर्धाच घेतलात. तुमच्या आईंच्या घराची वारसनोंद रखडली आहे असं जाता जाता बोलला होतात. कागद घेऊन या. सोमवारी सकाळी मी मोकळा आहे, आणि अर्जापासून नोंद होईपर्यंत मी स्वतः तुमच्याबरोबर येईन.

तुमचा,
खालच्या दुकानातला दस्तलेखक
दांडिया बाजार, बडोदे