दोन निदाने, पण मूल एकच

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांच्या शाळेविषयी आणि डिस्लेक्सियाविषयी, म्हणजे अक्षरे ओळखून वाचण्यात येणाऱ्या अडचणीविषयी, स्वतंत्रपणे बरेच लिहिले जाते. मात्र ही दोन्ही निदाने एकाच मुलाच्या वाट्याला आली की शाळेकडून मिळणारी मदत कशी निष्फळ ठरते, याविषयी माझ्या तरी वाचनात फारसे आलेले नाही. अशा मुलाची पालक म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या मुलाच्या स्वमग्नतेचे निदान तो चार वर्षांचा असताना झाले. डिस्लेक्सिया लक्षात यायला मात्र नववे वर्ष उजाडावे लागले. मधल्या काळात त्याच्या न वाचण्याचे सगळे खापर स्वमग्नतेवर फुटत राहिले. ‘मनात आले की वाचेल’, असे आम्हाला सांगितले जाई आणि आम्हीही ते मान्य करून बसलो, ही आमचीही चूकच.

शाळेने पहिली मदत म्हणून त्याच्या बाकावर दिवसाचे वेळापत्रक चिकटवून दिले. पुढे काय होणार हे डोळ्यांसमोर दिसले की अशा मुलांची घालमेल कमी होते, आणि अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांच्या पुढाकाराने १९७२ साली स्वमग्नांसाठी सुरू झालेल्या ‘टीच’ कार्यक्रमात अशा दृश्य वेळापत्रकांना महत्त्वाचे स्थान आहे. तेव्हा कल्पना योग्यच होती. फक्त त्या कागदावर सगळे शब्दांत लिहिले होते. ‘भाषा’ आणि ‘भूगोल’ यांतला फरक ज्याला धड लागत नाही, ‘भ’ आणि ‘म’ पाहून जो अडखळतो, त्याच्या दृष्टीने तो कागद असून नसल्यासारखा होता. चार दिवसांत त्याने तो नखाने कोपऱ्याकडून सोलत सोलत काढून टाकला. वहीत शेरा आला : ‘दिलेल्या साहित्याची नासधूस करतो.’ त्याच जागी आम्ही घड्याळ, चेंडू, पुस्तक अशी चित्रे काढून लावली, ती वर्षअखेरपर्यंत टिकली.

डिस्लेक्सियासाठीच्या उपचारात्मक वर्गात नेमके उलटे घडले. अक्षर एकाच वेळी पाहायचे, उच्चारायचे आणि बोटाने गिरवायचे, ही सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत तिथे वापरली जात होती. पाच मुले एका सुरात मोठ्याने आवाज काढत आणि खरखरीत कागदावरून बोट फिरवत. माझा मुलगा कानांवर हात दाबून टेबलाखाली जाऊन बसला. आवाज आणि स्पर्श यांची अशी तीव्र संवेदना स्वमग्नतेच्या निदानाच्या निकषांत, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ वापरतात त्या २०१३ च्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत, स्पष्टपणे नोंदलेली आहे. पण त्या वर्गाच्या बाईंकडे असलेल्या फाइलमध्ये फक्त ‘डिस्लेक्सिया’ एवढेच होते. ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा घेऊन तो परत आला. बाईंना दोष देण्यात अर्थ नाही, कारण दुसरी फाइल त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती.

परीक्षेतील सवलतींचीही तीच कथा. गॉफ आणि टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८६ साली मांडल्याप्रमाणे वाचून समजणे हा अक्षरे उलगडण्याचा आणि भाषा समजण्याचा गुणाकार असतो. दोहोंपैकी एक शून्य झाले की उत्तर शून्य. डिस्लेक्सिया पहिल्या बाजूला अडवतो, स्वमग्नता पुष्कळदा दुसऱ्या बाजूला. म्हणून प्रश्नपत्रिका वाचून दाखवणारा माणूस दिला की काम झाले, असे या मुलांच्या बाबतीत होत नाही. ‘चोराने पोलिसांच्या डोळ्यांत धूळ फेकली’ हे वाक्य ऐकल्यावर माझ्या मुलाला पोलिसांनी डोळे कधी धुतले हे जाणून घ्यायचे होते, आणि उताऱ्यात ते कुठेच नसल्याने तो पुढच्या प्रश्नाकडे वळेचना. शिवाय शेजारी बसवलेला लेखनिक त्याला पूर्णपणे अनोळखी होता. पहिला अर्धा तास मुलाने तोंडच उघडले नाही. सवलत कागदोपत्री मिळाली, उत्तरपत्रिका मात्र कोरीच राहिली.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात ‘वाजवी सोयी’ची जी व्याख्या आहे, तीत त्या त्या विशिष्ट प्रकरणात आवश्यक असलेले बदल अभिप्रेत आहेत, आणि अशी सोय नाकारणे हा भेदभाव मानला आहे. निदानाच्या नावावरून ठरवलेली तयार यादी हातात ठेवणे म्हणजे ही सोय नव्हे. तशा दोन याद्या एकाच मुलावर लादल्या तर त्या एकमेकींना खोडून काढतात, हे वर आलेच आहे.

माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. वर्गशिक्षक, विशेष शिक्षक, समुपदेशक आणि पालक यांनी वर्ष सुरू होण्याआधी एकदा एकत्र बसून एकच पान लिहावे : मुलाला काय वाचता येते, काय ऐकून समजते, कोणता आवाज किंवा स्पर्श सोसत नाही, आणि अडल्यावर तो ते कसे दाखवतो. परीक्षेचा लेखनिक आधी दोन-चार वेळा त्याच्यासोबत सरावाला बसावा. आणि वर्गशिक्षक बदलले की ते पान नव्या शिक्षकांच्या हाती मुलगा वर्गात पाऊल टाकण्यापूर्वी पोहोचावे. आजवर दर वर्षी ते काम आम्ही शाळेच्या फाटकाजवळ, घंटा होता होता, दोन मिनिटांत उरकत आलो आहोत.

आपली विश्वासू,
एक पालक