परवाना देताना घरातल्या बाईलाही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांत गेले काही दिवस बंदुकीवरून वाद चाललाय. पाटणकडच्या एका शेतकरी बंधूंनी लिहिलं, बिबट्या आणि रानडुकरांनी जीव नकोसा केलाय, प्रत्येक शेतकऱ्याला परवाना द्या. त्यावर साताऱ्याच्या एका गुरुजींनी लिहिलं, पोलीस आणि सैन्य सोडून सगळ्यांच्या बंदुका काढून घ्या. तिसऱ्या एकांनी अमेरिकेचा दाखला देऊन शस्त्र बाळगणं हा माणसाचा मूलभूत हक्कच असल्याचं सांगितलं. तिन्ही पत्रं पुरुषांची. आमच्या घरात एकतीस वर्षं बंदूक होती, म्हणून म्हटलं आपणही लिहावं.

मी कोरेगाव तालुक्यातली, वय ६७. अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झाले. आमचे मालक १९९० साली मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनवर आले. (मालक म्हणते ते आमच्याकडच्या रीतीनं. बंदुकीच्या कागदावरही मालक तेच होते.) दीड एकरात घेवडा आणि थोडं आलं, त्यात पाच माणसांचं भागेना. तेव्हा बँकांना रखवालीला माजी सैनिक हवे असायचे, पण स्वतःची बंदूक असलेला मिळाला तर त्याला आधी घ्यायचे आणि पगारही बरा द्यायचे. म्हणून १९९१ साली परवाना काढला आणि एकनळी बाराबोअर घेतली. जुनीच, पण नळी स्वच्छ. पैसे माझ्या पाटल्या मोडून उभे केले. त्या बंदुकीनं आमच्या तीन मुलांची शिक्षणं केली, हे मी आधीच सांगते. कुणाला वाटायला नको की मी बंदुकीच्या नावानं बोटं मोडायला बसलेय.

परवान्याच्या चौकशीला एक जमादार आले होते. त्यांनी पोलीस पाटलाला विचारलं, सरपंचाला विचारलं, शेजारच्या भाऊबंदांना विचारलं. माणूस तापट आहे का, पितो का, कुणाशी वैर आहे का. ओसरीवर बसून सगळं लिहून घेतलं. मी चहा केला, दुसऱ्यांदा करताना साखर शेजारून आणली. मला काही विचारलं नाही.

विचारलं असतं तर तेव्हा मी चांगलंच सांगितलं असतं. माणूस चांगलाच होता.

१९९८ ची भाऊबीज. थोरल्या दिरांशी बांधावरून वाद होता, आमच्याकडे कुणाच्या घरी नसतो? त्या दिवशी दिरांनी बांधावरचा आमचा शेवगा तोडला. मालक संध्याकाळी बाहेरून आले ते पिऊनच आले होते. काही बोलले नाहीत. खुंटीवरची बंदूक काढली, नळी मोडून उघडली, तीतून आरपार पाहिलं आणि ट्रंकेत काडतुसं शोधायला लागले. खडकीच्या कारखान्याची शक्तिमान काडतुसं असायची, दहा-बारा. ती ट्रंकेत नव्हती. दुपारी शेवगा पडलेला पाहिल्यावरच मी ती उचलून ज्वारीच्या कोठीत खाली, तळाला घातली होती. त्यांनी ट्रंक उपसली, फळी उपसली, देवघराच्या मागं हात घातला. पोरं जागी होती, पण एकाचाही आवाज नाही. मग ते तिथंच जमिनीवर बसले आणि पुष्कळ वेळ तसेच बसून राहिले.

त्या रात्रीबद्दल आम्ही पुढं कधीच बोललो नाही. पण सकाळी त्यांनी लोखंडी कपाट घेतो म्हणून सांगितलं, चार दिवसांत आणलं, बंदूक आत ठेवली आणि किल्ली माझ्याकडे दिली. काडतुसं कोठीतच राहिली. परवा नातीनं २०१६ चे शस्त्र नियम वाचून दाखवले, त्यात बंदूक रिकामी करून कुलपात आणि काडतुसं वेगळी ठेवावीत असं लिहिलंय. मला हसू आलं. आमच्याकडे तो नियम अठरा वर्षं आधीच लागू झाला होता.

आता हक्काचं. ही नात साताऱ्याला वकिलीचं शिकते, कायद्याचं जे काही लिहितेय ते तिनं काढून दिलंय. अमेरिकेत शस्त्राचा हक्क १७९१ पासून घटनेत आहे, हे त्या तिसऱ्या पत्रातलं खरं. आपल्याकडे घटना समितीत ह. वि. कामतांनी डिसेंबर १९४८ मध्ये तशी दुरुस्ती मांडली होती, ती नामंजूर झाली. आपल्या घटनेत एकत्र जमण्याचा हक्क आहे तोसुद्धा ‘शांततेने व विनाशस्त्र’. म्हणजे आपल्याकडे बंदूक हा हक्क नाही, १९५९ च्या कायद्याखाली मिळणारा परवाना आहे. आणि ज्या अमेरिकेचा दाखला दिला, तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं जून २०२४ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी सांगितलं, की ज्या माणसापासून घरच्या बाईला धोका आहे असा न्यायालयाचा आदेश आहे, त्याची बंदूक काढून घेता येते. हक्क मानणाऱ्या देशातसुद्धा घरच्या बाईचा प्रश्न निघाला.

पाटणच्या बंधूंना एवढंच सांगते, की बंदूक हातात आली म्हणून बिबट्या मारता येत नाही. त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे. डुकरासाठीही वनखात्याची परवानगी वेगळी लागते. मग नुसती बंदूक घेऊन रात्री उसाच्या कडेनं फिरणार, आणि ऊस हलला की पलीकडं डुक्कर आहे का पाण्याची दारं धरायला आलेला शेजारी आहे, हे अंधारात कसं कळणार?

गुरुजींचंही मला पटत नाही. परवानावाल्याला आपल्याकडे सुखानं जगू देत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बँकेतली नोकरी संपल्यावर प्रत्येक निवडणुकीला बंदूक जमा करा म्हणून निरोप यायचा. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, पुन्हा लोकसभा. मालक ती गोणपाटात गुंडाळून एसटीनं घेऊन जायचे, पावती मिळेपर्यंत बाकावर बसायचे, आणि निकालानंतर परत आणायला दोन-तीन खेपा ठरलेल्या. सरसकट सगळ्यांची बंदूक जमा करून घ्यायची नाही, जिल्ह्याच्या छाननी समितीनं माणूस पाहून ठरवायचं, असं मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलेलं आहे. पण निरोप्याला ते कोण सांगणार? एकदा परत मिळाली तेव्हा दस्त्याला नवा चरा होता. ‘पलटणीत रायफलवर डाग पडला तर शिक्षा व्हायची,’ एवढंच म्हणाले आणि तेलाची चिंधी घेऊन बसले. ज्यानं चोवीस वर्षं देशाची बंदूक सांभाळली त्याला हा अपमान वाटायचा, आणि तो होताच.

दुसरीकडे आपल्याच अंकात दर आठवड्याला बातमी असते, अमक्याला गावठी कट्टा आणि जिवंत काडतुसांसह पकडलं. त्यानं कुठं परवाना काढला होता? हे परवानावाले नेहमी म्हणतात आणि खरंच म्हणतात. फक्त मला एवढंच माहीत आहे, की त्या भाऊबिजेला आमच्या घरात होती ती बंदूक परवान्याची होती. नूतनीकरण झालेलं, फी भरलेली, शिक्का ठळक.

म्हणून माझी एकच मागणी आहे. परवाना देताना आणि नूतनीकरण करताना त्या घरातल्या बाईला विचारा. बायको असेल तर बायकोला, नसेल तर आईला, सुनेला. पूर्वी नूतनीकरण तीन वर्षांनी व्हायचं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते पाच वर्षांवर गेलं. पाच वर्षांत घरात काय काय होतं ते कुणी सांगायला नको. धाकट्या बहिणीची मुलगी कॅनडात ब्रॅम्प्टनला असते. तिच्या नवऱ्यानं शिकारीच्या बंदुकीसाठी अर्ज केला तर त्यात तिची सही मागितली होती. गेल्या दोन वर्षांत जिच्याबरोबर संसार केला तिची सही, आणि सही नसेल तर सरकारच तिला परस्पर कळवतं. तिथं १९८९ च्या ६ डिसेंबरला माँट्रियलच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एकानं बंदुकीनं चौदा जणींना मारलं. पुढं १९९५ साली कायदा कडक झाला.

आपल्याकडे मात्र सही नको. सही नवरा घेईलच, न देऊन जाते कुठं? महिला पोलिसानं यावं, तिला एकटीला विहिरीवर नाहीतर अंगणवाडीत गाठावं, आणि ती काय म्हणाली ते नवऱ्याला कळू नये. एखादी रागानं खोटं सांगेल, हेही मला मान्य आहे, जमिनीच्या वादात बायकासुद्धा काय कमी नसतात. त्यासाठी परवाना नाकारताना कारण लेखी द्यायचं आणि त्यावर वर दाद मागायची सोय कायद्यात आहेच, ती तशीच राहू द्या. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याच्या नियमांत, न्यायालयानं सांगितलं तर हत्यार जप्त करायला संरक्षण अधिकारी मदत करेल, असं आहे म्हणतात. पण ते छळात वापरलेल्या हत्याराचं. मी वापरायच्या आधीचं बोलतेय.

मालक २०२२ साली गेले. पंचवीस वर्षं बंदूक बाळगली की ती वारसाच्या नावावर करता येते, असा नियम आहे. पंचवीस वर्षं भरली तेव्हापासून मुलगा मागं लागला होता, पण मालकांनी शेवटपर्यंत केली नाही. का, ते मी विचारलं नाही. बंदूक आता ठाण्यात जमा आहे. मुलगा चाकणला कंपनीत आहे, फ्लॅटमध्ये राहतो, रानडुक्कर काही तिथं येत नाही, तरी त्याला ती हवी आहे. वडिलांची आठवण म्हणतो. त्यासाठी बाकीच्या वारसांचं ना-हरकत पत्र लागतं, म्हणून गेल्या महिन्यात माझ्यापुढं कागद ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या बंदुकीच्या कागदावर माझी सही लागतेय. तीही विधवा म्हणून, वारसदार म्हणून. ते होते तेव्हा बायको म्हणून लागली नाही.

मुलाला म्हटलं, आधी सुनेला विचारते. तो हसला, तिचा काय संबंध म्हणाला. मी तिला फोन केला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘आई, फोनवर नको. बेंदराला आले की सांगते.’

कागद ज्वारीच्या कोठीत ठेवलाय.

आपली,
एक वाचक, ता. कोरेगाव, जि. सातारा
(नाव-पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे. कृपया छापू नये.)